दहा मिनिटांची घंटा

विधिमंडळात तिला सगळे कलमबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की 'कलमबाई'. हे नाव कुणी पाडलं ते तिला माहीत नव्हतं, पण तिला त्याचा राग कधी आला नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं. नियमांची जाड पुस्तकं तिला तोंडपाठ होती, आणि कुठलं कलम कुठल्या वर्षी कुणाच्या भांडणातून जन्माला आलं तेही ती सांगू शके. अध्यक्षांच्या आसनाखाली एक लांब टेबल होतं. त्या टेबलाशी डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर ती एकतीस वर्षं बसत आली होती. सभागृह कुठे अडलं की अध्यक्ष मान जराशी खाली झुकवत, ती मान जराशी वर करी, दोन वाक्यं कुजबुजे, आणि रुतलेला गाडा पुन्हा चालू लागे.

त्यातही तिचा हातखंडा होता तहकुबीच्या नियमांत. नव्या कारकुनांना ती पहिल्याच दिवशी सांगे, की सभागृह बसवायला निमित्त पुरतं, उठवायला नियम लागतो. मनात आलं म्हणून उठता येत नाही. तीन दिवसांहून जास्त सुट्टी घ्यायची तर अंगणापलीकडच्या वरच्या सभागृहाची संमती लागते. नाहीतर एक जण रुसून निघून जाईल आणि दुसरा वाट बघत बसेल. नव्वदांपैकी तीस सदस्य आत नसतील तर दुसरं कुठलंच काम करता येत नाही, फक्त उठता येतं. पण तेही लगेच नाही. आधी दहा मिनिटं घंटा वाजवायची, बाहेर गेलेल्यांना परत यायची संधी द्यायची, आणि मग पुन्हा मोजायचं. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी तर सभागृह एकदा उठलं की उठलंच. टेबलावर राहिलेलं विधेयक मेलं. पुढच्या वर्षी त्याला पहिल्यापासून जन्म घ्यावा लागतो.

हे सगळं ती इतरांना शिकवत आली होती. त्यातलं एखादं कलम आपल्याच घरात येऊन बसेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ दगडाच्या कारखान्यात होता. बावीस वर्षं त्याने फरशा घासल्या. यंत्राखालून पांढरी धूळ उठे आणि माणसं तोंडाला रुमाल बांधून त्यात उभी राहत. पंचेचाळिशीत त्याला खोकला लागला. दोन वर्षं भलतीच औषधं झाली, आणि मग एका डॉक्टरने छातीचा फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं की फुप्फुसांत धूळ बसली आहे, आता ती निघायची नाही. त्या दिवसापासून तो दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत खिडकीशी खुर्ची टाकून बसला. नाकात प्राणवायूची नळी, शेजारी भाड्याचं जुनं यंत्र. ते तासभर चाललं की तापायचं, मग अर्धा तास बंद ठेवावं लागायचं. त्या अर्ध्या तासात त्याचे ओठ निळे पडत आणि त्याची बायको पाठीवरून हात फिरवत घड्याळाकडे बघत बसे.

स्वभावाने मात्र तो मुलखाचा थट्टेखोर. बहीण आली की म्हणायचा, "ताई, मी आता अगदी तुमच्या सभागृहासारखा झालोय. चार पावलं कामकाज, की तहकूब."

सरकारी इस्पितळं चांगली यंत्रं घरपोच देत, पण ज्यांचा आजार 'कामाचा आजार' म्हणून यादीत आहे त्यांनाच. धुळीचा हा रोग त्या यादीत नव्हता. तो यादीत घालायचं चार कलमांचं विधेयक एका अपक्ष सदस्य बाईंनी आणलं होतं. त्या पूर्वी डॉक्टर होत्या, सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. विधेयक वरच्या सभागृहात मंजूर झालं होतं. खालच्या सभागृहात नुसतं मतदान व्हायचं राहिलं होतं, आणि तेवढंच पाच आठवडे होत नव्हतं. सत्ताधाऱ्यांची पंचाईत अशी, की विरोधात मत द्यावं तर निवडणूक तोंडावर, बाजूने द्यावं तर कारखानदार तोंड फिरवणार. साप मरायला हवा होता आणि काठीही मोडायला नको होती. म्हणून आज वेळ नाही, उद्या मंत्री नाहीत, परवा कागद मिळाला नाही, असं करत करत अधिवेशनाचा शेवटचा दिवस उजाडला.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास विधेयक पुकारलं गेलं. प्रेक्षकांच्या सज्जात दगडकामगारांच्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांच्यात दुसऱ्या रांगेत तिची भावजय होती, मांडीवर डब्याची पिशवी घट्ट धरून. कलमबाईने एकदाच वर पाहिलं आणि नजर कागदांकडे वळवली. टेबलावरच्या माणसाने सज्जाकडे बघायचं नसतं.

डॉक्टरीणबाई बोलायला उभ्या राहिल्या तसे सत्ताधारी बाकांवरचे सदस्य एकेक करून उठू लागले. कुणाला फोन आला, कुणाला चहाची तल्लफ. कुणी कुणाशी भांडलं नाही, कुणी विरोधाचा शब्द काढला नाही. भरल्या घरातून पाहुणे काढता पाय घेतात तसं सभागृह रिकामं होत गेलं. विधेयकाच्या बाजूचे चार जण त्याच वेळी अंगणापलीकडे एका संयुक्त समितीच्या बैठकीत अडकले होते. ती बैठक नेमकी त्याच वेळेला ठेवण्यात आली होती. मग मागच्या बाकावरचा एक सत्ताधारी सदस्य उठला आणि म्हणाला, की सभागृहात पुरेशी संख्या दिसत नाही, मोजणी व्हावी.

मोजणी तिचीच. ती उभी राहिली आणि पेन्सिलीच्या टोकाने रांगा मोजू लागली. डावीकडे अकरा, मध्ये सात, उजवीकडे अकरा. एकोणतीस. पुन्हा मोजले, तरी एकोणतीसच.

आता नियमाप्रमाणे घंटा वाजवायची. पण त्या सकाळीच दुसऱ्या एका कामासाठी घंटा वाजली होती, आणि त्या दहा मिनिटांत आत दोघे आले होते तर बाहेर सहा गेले होते. दार उघडं राहतं ते येणाऱ्यांसाठी तसं जाणाऱ्यांसाठीही. मागच्या रांगेत तीन सत्ताधारी सदस्य मांडीवर बॅगा घेऊन, दाराकडे डोळे लावून बसले होते. घंटा वाजली की हे तिघे निघणार, हे तिला स्वतःच्या तळहातासारखं दिसलं. आणि घंटा वाजलीच नाही तर? डॉक्टरीणबाईंची दोन वाक्यं राहिली होती. मग हात वर करून मतदान. सगळी मिळून पाच मिनिटं.

अध्यक्षांनी मान झुकवली. "बाई, किती?"

"तीस, साहेब."

इतक्या सहज शब्द निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. अध्यक्षांनी तीस सदस्य हजर असून संख्या पुरेशी असल्याचं जाहीर केलं. सज्जात हालचाल झाली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा सारखा केला आणि पुढे बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात सत्ताधारी पक्षाचा प्रतोद उठला. आपल्या पक्षाची माणसं केव्हा आत न्यायची आणि केव्हा बाहेर, हे ठरवणारा हा माणूस. गोड बोलणारा, कधी आवाज न चढवणारा. त्याने स्वतः मोजलं होतं, हे तो उठताक्षणीच त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

"अध्यक्ष महोदय," तो म्हणाला, "बाईंच्या मोजणीवर आमचा अविश्वास नाही. एकतीस वर्षांत त्या चुकलेल्या नाहीत. पण आज शेवटचा दिवस आहे, नोंद चोख असावी. नियमाप्रमाणे नावं पुकारावीत, एवढीच विनंती."

तिने पेन्सिल टेबलावर ठेवली. नावं पुकारायची मागणी झाली की दारं लावतात. जो आत तो हजर, जो बाहेर तो गैरहजर. हजर तीसपेक्षा कमी भरले तर सभागृह तिथल्या तिथे उठतं. आणि त्या वेळी घंटा वाजत नाही, कारण सभागृह पूर्ण आहे असं एकदा जाहीर झाल्यावर बोलवायचं कुणाला? या नियमाचं हे स्पष्टीकरण छापील पुस्तिकेत होतं, आणि ते तिनेच लिहिलेलं होतं. ते तिला आठवलं नव्हतं असं नाही. ज्या क्षणी आठवायला हवं होतं त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे फक्त मांडीवरच्या तीन बॅगा होत्या.

दारं लागली. तिच्याच शेजारच्या खुर्चीवरचा कारकून नावं वाचू लागला. हजर. गैरहजर. गैरहजर. हजर. साठाव्या नावाच्या आसपास बाहेरून दारावर थाप पडली. मग दुसरी, मग अनेक. कुणीतरी ओरडून काही बोलत होतं. दारवानाने तिच्याकडे पाहिलं. नावं चालू असताना दार उघडायचं नाही, हे त्याला तिनेच शिकवलं होतं. तिने नजर नावांच्या यादीवर ठेवली. बोलून उपयोगही नव्हता. त्या घटकेला दार उघडलं असतं तरी बाहेरच्यांची नावं धरता आली नसती.

नव्वद नावं संपली. एकोणतीस हजर. प्रतोदानेही स्वतःच्या नावाला स्वच्छ आवाजात 'हजर' म्हटलं होतं; त्याला ते परवडणारं होतं. बॅगा घेऊन बसलेले तिघेही 'हजर' म्हणाले होते.

अध्यक्षांनी खाली पाहिलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. सभागृह बेमुदत तहकूब झाल्याचं वाक्य त्यांनी कागदावरून वाचलं आणि ते उठले. सज्जात आधी कुणाला कळलंच नाही. बायका एकमेकींना विचारत होत्या, मग मतं केव्हा घेणार?

बाहेर दाराशी ते चौघे उभे होते, धापा टाकत. समितीची बैठक वेळेआधी आटोपली होती आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी मिळताच ते अंगण ओलांडून पळत आले होते. त्यांतला एक तर काठी टेकत चालणारा म्हातारा. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"बाई, तुमची मोजणी कधी चुकत नाही हो," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "एकोणतीस म्हणाला असतात तर दहा मिनिटं मिळाली असती. हे चौघे चार मिनिटांत पोचले."

कलमबाई म्हणाली, "हो."

दोन दिवसांनी आवराआवर चालू असताना त्या बॅगावाल्या तिघांतला एक तिला जिन्यात भेटला. तो आपण होऊन सांगू लागला, की आम्ही तिघांनी पक्षाचं न ऐकता बाजूने मत द्यायचं ठरवलं होतं, चुकलं सगळं. तिने विचारलं, मग बॅगा? तो म्हणाला, साडेपाचची गाडी होती, उठल्या उठल्या पळायचं होतं, म्हणून घेऊन बसलो होतो. दाराकडे बघत होतो कारण घड्याळ दारावर आहे.

ती जिन्यातच कठड्याला धरून उभी राहिली. एकतीस वर्षं ती त्याच घड्याळाखालून ये-जा करत होती.

तिने सचिवांना लिहून दिलं की आपली मोजणी चुकली नव्हती, आपण खोटं बोललो. सचिवांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून परत तिच्या हातात ठेवला. हे दप्तरी लागलं तर या अधिवेशनातल्या एकूण एक मोजण्यांवर लोक शंका घेतील, असं त्यांचं म्हणणं. मंजूर झालेले कायदे न्यायालयात जातील. 'नजरचूक' असं लिहा आणि विषय संपवा. तिने पुन्हा लिहायचा आग्रह धरला तेव्हा ते जरा कठोर होऊन म्हणाले, की बाई, खोटं एकदाच बोलून भागत नसतं. शेवटी नोंद नजरचुकीचीच झाली. तिची बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. तिथे हजेरीपटावर सही करणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी ती भावाकडे गेली तेव्हा भावजय तिच्या आधी पोचली होती आणि तिने सज्जातून जसं दिसलं तसं सांगून टाकलं होतं. यंत्र थंड व्हायला बंद ठेवलं होतं, म्हणून भाऊ पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं रोवून बसला होता. ताईला पाहून त्याने मान वर केली. तोंडभर हसू होतं.

"किती होते गं खरे?" त्याने विचारलं.

"एकोणतीस."

"आणि तू तीस म्हणालीस."

तिने मान हलवली.

तो हसायला लागला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबल्यावर पुन्हा हसला. लहानपणी शेजाऱ्यांची काच दोघांनी मिळून फोडली होती, तेव्हा तो पळून गेला होता आणि ही जाऊन दोघांचीही नावं सांगून आली होती. चाळीस वर्षं तो तिला त्यावरून छळत होता. "माझ्यासाठी," तो बायकोला म्हणाला, एकेक शब्द श्वासावर तोलत. "आमची ताई. भर सभागृहात. माझ्यासाठी खोटं बोलली."

पुढचं सांगायला तिने तोंड उघडलं होतं. पण त्याचा चेहरा असा उजळला होता, की तो विझवायचं धाडस तिला झालं नाही. तिने भिंतीवरचं बटण दाबून यंत्र सुरू केलं आणि नळी त्याच्या नाकाशी नीट बसवली.

त्यानंतर तो ती गोष्ट प्रत्येकाला सांगू लागला. भेटायला येणारे जुने सोबती, औषधाच्या दुकानातला माणूस, खालच्या मजल्यावरच्या म्हातारबाई. विधेयक गेलं त्याचं दुःख त्याला होतंच, पण ते तो एका वाक्यात उरकी. ताईच्या खोट्यावर मात्र पाच मिनिटं रंगे, श्वास पुरेल तितकं. लोक जाताना तिच्याकडे आदराने बघत. दगडकामगारांच्या बायका तर रस्त्यात थांबवून तिचा हात हातात घेत आणि म्हणत, तुम्ही तुमच्या परीने केलंत हो. तिला ते हात झिडकारून पळावंसं वाटे. रात्री अंथरुणात नव्हे, दिवसाढवळ्या, भाजी घेताना, जिना चढताना ती मनात मोजू लागली: घंटा वाजली, चौघे आत आले, म्हणजे तेहतीस. प्रतोद आणि मोजणी मागणारा तो मागचा सदस्य बाहेर गेले, म्हणजे एकतीस. एकतीस. दर वेळी एकतीसच.

निवडणूक झाली. डॉक्टरीणबाई थोडक्यात पडल्या. नव्या सभागृहाचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा कामकाजाच्या यादीत धुळीचं विधेयक नव्हतं. ते मांडणारंच कुणी उरलं नव्हतं. ती यादी तिने कागदपत्रांच्या खोलीत स्वतःच्या हाताने फायलीला लावली. त्याच आठवड्यात भाऊ गेला. सकाळचे दहा वाजले होते. यंत्र तापलं म्हणून बंद केलं होतं, आणि अर्धा तास संपायला अजून अवकाश होता.

महिनाभराने ती भावजयीकडे गेली. भावजय पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. खिडकीशी खुर्ची तशीच होती. यंत्र त्याच्या मालकाने नेलं होतं. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग भावजय म्हणाली, "वन्सं, काल दोघी आल्या होत्या कारखान्याकडच्या. तुमचं नाव काढत होत्या. म्हणाल्या, एका बाईने तरी आमच्यासाठी नोकरी पणाला लावली."

तेव्हा तिला राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं. घंटेचा नियम, चौघे अंगण ओलांडून आलेले, दारावरच्या थापा, बॅगा, घड्याळ. "मी खरं बोलले असते तर विधेयक झालं असतं," ती म्हणाली. "आठवड्यात यंत्र आलं असतं."

भावजय ऐकत होती. हातातला सदरा तिने मांडीवर ठेवला होता आणि त्याच्या बटणांवरून ती अंगठा फिरवत होती.

मग ती म्हणाली, "हे तुम्ही यांना सांगितलं होतंत?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही गं. धीर झाला नाही."

"मग मला का सांगितलंत, वन्सं?" तिचा आवाज शांत होता. "ते तरी आनंदात गेले. मी हे आता कुठे ठेवू?"

नियमांच्या पुस्तकात प्रत्येक प्रश्नाला कुठलं तरी कलम असतं अशी सवय झालेल्या त्या बाईने समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

भावजय उठली. ढिगातून तिने मोठी चादर ओढून काढली. चादर एकटीने झटकायला, घडी घालायला जड होती. कलमबाईने सवयीने पुढे होऊन दुसरी दोन टोकं धरायला हात केले. भावजयीने चादर पलंगावर पसरली, वाकून तिची एकेक घडी एकटीनेच घातली, आणि ती कपाटात ठेवायला आतल्या खोलीत गेली. ती बाहेर येईल म्हणून कलमबाई बराच वेळ उभी राहिली. आतून कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. तिने पायांत चपला सरकवल्या, दार हलकेच ओढून घेतलं आणि ती जिना उतरू लागली.